दातांचे खळगे

भिकाजीने पेटी उघडली आणि सवयीने त्याचा अंगठा क्लॅरिनेटच्या माउथपीसच्या पाठीवर गेला. तिथे दोन खळगे होते. काळ्या कडक रबरात, एबोनाइटमध्ये, त्याच्या वरच्या दोन दातांनी एकतीस वर्षं बसून बसून पाडलेले, शेजारीशेजारी, डावा थोडा खोल. अंधारात जरी पेटी उघडली तरी अंगठ्याला ते सापडत. दात स्वतः गेल्या वर्षी गेले, एक डॉक्टरने काढला आणि दुसरा आपण होऊन हातात आला, आणि त्यांच्या जागी आता जो कवळीचा तुकडा होता तो फुंकर घातली की हलायचा. म्हणजे त्याचं अल्टो क्लॅरिनेट वाजवणं संपलं. पण दात गेले तरी त्यांची जागा माउथपीसवर राहिली होती, आणि ती रोज एकदा चाचपून पाहण्यात भिकाजीला असं समाधान मिळे, की ते बायकोलाही सांगायची त्याला लाज वाटली असती. आज अंगठा घसरला. खळगे नव्हते. त्यांच्यावर रबराचा एक चौकोनी तुकडा चिकटवला होता, सायकलच्या पंक्चरला लावतात तसलं ठिगळ, कडा नीट कातरलेलं.

"ह्या काय गो?" त्याने विचारलं.

ज्ञानेश्वरी पडवीत बसून केस विंचरत होती. चोवीस वर्षांची त्याची एकुलती मुलगी, घरात ज्ञाना. "ठिगळ लावलंय, बाबा. तुमच्या खळग्यांत माझे दात बसत नायत. सरकतात नि सूर हलतो. आता बघा कसं घट्ट बसतंय."

"बरं केलंस," भिकाजी म्हणाला, आणि हसलासुद्धा.

त्यात रागवण्यासारखं काय होतं? काही नाही. तिचे दात लहान, तिच्या आईसारखे. चार दिवसांनी तिची मुंबईत परीक्षा होती. संचलनात वाजणाऱ्या ज्या बँडात भिकाजीने एकतीस वर्षं काढली, त्याच बँडात, त्याच्याच खुर्चीसाठी. तो निवृत्त होऊन रत्नागिरीला परतला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून अल्टोची खुर्ची रिकामी होती. आता बँडाने नवी वाद्यं घेतली होती, आणि वाजवणारं माणूस हवं होतं. वाद्य त्यांचं, माउथपीस आणि त्यावर बसवायची रीड ज्याची त्याने आणायची. पत्रात लिहिलं होतं, उमेदवाराने एक स्वतंत्र तुकडा एकट्याने वाजवून दाखवावा, कारण यापुढे अल्टोलाही सोलो द्यायचा विचार आहे. हे वाक्य ज्ञानाने मोठ्याने दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना भिकाजी उठून आंब्यांना पाणी घालायला गेला होता. जानेवारीचा महिना, झाडं मोहोराने लगडलेली, आणि मोहोरावर आलेल्या कलमांना पाणी घालत नाहीत हे त्यांच्या नाचणे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

चहा घेऊन तो बाहेर पडला. मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालत जायचा त्याचा नेम होता, पण आज पाय भलतेच भराभर पडत होते, आणि जीभ कवळीच्या तुकड्याशी चाळा करत होती. अल्टो क्लॅरिनेट कोणी ऐकत नाही, ही गोष्ट त्याने फार लवकर मान्य करून टाकली होती. वरती गाणं म्हणायला पहिली क्लॅरिनेट असते, खाली जमीन धरायला मोठी पितळी वाद्यं असतात, आणि अल्टो मधली पोकळी भरतो. भिंतीतल्या चिऱ्यांत माती भरावी तसा. भिंतीकडे पाहून माती छान आहे असं कोणी म्हणत नाही. लग्नानंतर पहिल्याच सव्वीस जानेवारीला विमला संचलन बघायला आली होती. नवी साडी नेसून, उन्हात दोन तास उभी राहून. परत येताना बसमध्ये तिने विचारलं होतं, "सगळं छान वाजत होतं हो. पण त्यात तुमचं कुठलं?" ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच सांगता आलं नव्हतं. भिकाजीने तेव्हा हसून सांगितलं, अगं, माझं ऐकू येत नाही, पण काढून टाकलं तर लगेच कळतं. हे वाक्य त्याला त्याच्या मास्तरांनी शिकवलं होतं. पुढे एकदा, कितव्या तरी वर्षी, एका मोठ्या समारंभात त्याने ते तपासून पाहिलं. आख्खा तुकडा संपेपर्यंत फुंकलंच नाही. बोटं हलवली, गाल फुगवले, घाम पुसला. शेजारच्याने मान वळवली नाही. समोर उभ्या मास्तरांनी त्याच्याकडे बघून काठीने ठेका दिला आणि शेवटी सगळ्यांना मिळून शाबासकी दिली. त्या दिवशी कळलं की काढून टाकलं तरी कोणाला कळत नाही. त्यानंतर त्याने अकरा वर्षं रोज मन लावून वाजवलं. दुसरं काय करणार? रोज उठून न वाजवणं हेही काही सोपं काम नाही.

सखाराम मास्तरांनीच त्याला अल्टोवर बसवलं होतं. भरतीच्या वेळी तो अल्टोसाठी गेलाच नव्हता, गेला होता पहिल्या क्लॅरिनेटसाठी. सत्तावीस वर्षांचा, गावच्या भजनात आणि लग्नांत वाजवून आलेला, आणि डोक्यात हवा. मास्तरांनी टेबलावर पेल्यात रीड भिजत घातल्या होत्या. बोरूच्या पातळ चपट्या काड्या, दिसायला सगळ्या सारख्या. म्हणाले, "तुला हवी ती घे. वाजवणारा तू." त्याने चार लावून पाहिल्या. एक अशी होती, की ओठ लागायच्या आत बोलायला लागली. मधासारखा सूर. त्याने तीच घेतली. पहिली पाच मिनिटं तो असा वाजवत होता की खोलीतले लोक मान डोलवत होते. मग रीडने पाणी प्यायलं, ती मऊ पडली, आणि वरच्या सुरांवर गेल्यावर तिने माउथपीसला चिकटून तोंडच मिटून घेतलं. फुंकर आत जाईना. नुसती शीळ, मग तीही नाही. पहिली खुर्ची मास्तरांच्या भाच्याला मिळाली. मास्तरांनी भिकाजीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "लगेच गोड बोलणारी रीड आणि लगेच गोड बोलणारा पाहुणा, दोघांना घरात ठेवू नये. जी आज घोगरी बोलते, ओठाला जड जाते, तिला चार दिवस द्यावेत. मग ती सहा महिने साथ देते. तू अल्टोवर बस. तिथे कोणाचं लक्ष नसतं." भिकाजी त्यांच्या पाया पडला होता. ती रीड मिटणार हे मास्तरांना आधीच ठाऊक होतं का, हा प्रश्न त्याने पुढे कधी स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर रोज त्यांच्यासमोर बसून वाजवता आलं नसतं.

ज्ञानाला त्याने नऊ वर्षांची असल्यापासून शिकवलं. बँडाच्या क्वार्टरमध्ये, दार लावून. श्वास कुठून घ्यायचा, हनुवटी कशी सपाट ठेवायची, बोटं भोकांपासून किती उचलायची. तिला लागली ती रीड आजवर तोच निवडून देत आला, आणि ती डोळे मिटून लावत आली. घोगऱ्या आणि गोड रीडची गोष्ट मात्र त्याने तिला कधी सांगितली नव्हती. राहून गेली, असं तो मनाशी म्हणत आला. पंधरा वर्षांत एखादी गोष्ट राहून जाते, त्यात काय मोठं. मांडवीच्या धक्क्यावर बसून त्याने समुद्राकडे पाहिलं आणि त्याला स्वच्छ कळलं, की ती राहून गेलेली नव्हती. सगळं देऊन टाकल्यावर माणूस कनवटीला एक रुपया ठेवतो तशी ठेवलेली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर त्याने पितळी वाटीत पाणी घेतलं आणि नव्या पुड्यातल्या दहा रीड त्यात सोडल्या. प्रत्येकीच्या बुडाशी पेन्सिलने नंबर घातला होता. विमला पडवीत कोळंबी सोलत बसली होती. ज्ञाना समोर खुर्चीवर, मांडीत जुनं अल्टो, बँडाने मोडीत काढलेलं आणि भिकाजीने निवृत्तीच्या वेळी घरी आणलेलं. पाच मिनिटांनी तो एकेक रीड उचलून उजेडाला धरू लागला. मधला काळोख सारखा उतरत गेलाय का, दोन्ही कडा सारख्या पातळ आहेत का. मग अंगठ्याच्या नखावर टोक दाबायचं. चार तिथल्या तिथे बाद केल्या. उरलेल्या सहा ज्ञाना एकेक करून लावू लागली.

भिकाजीने डोळे मिटून घेतले. पहिली पातळ. दुसरी बरी. तिसरी लावली आणि पडवीतल्या विमलाचा हात थांबला. सूर असा सहज आला, की ज्ञाना स्वतःच वाजवता वाजवता हसली आणि हसल्यामुळे सूर तुटला. "अगो बाई," ती म्हणाली. पाचवी ठीक. सातवी लावल्यावर घशात कफ असल्यासारखा आवाज आला, खालचे सूर जाडेभरडे, वरचे सूर काढताना तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. पण त्या भरड आवाजाच्या आत भिकाजीला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. अशी रीड त्याच्या वाट्याला उभ्या आयुष्यात दोनदा आली होती. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं वाजवायची. चौथ्या दिवशी ही रीड सभागृह भरून टाकील आणि शेवटच्या सुरापर्यंत तोंड मिटणार नाही. परीक्षाही नेमकी चौथ्याच दिवशी होती. त्यात त्याचं माउथपीस अरुंद तोंडाचं. रीड आणि टोकामध्ये जेमतेम नखाएवढी फट. त्याच्यावर मऊ रीड लावणं म्हणजे मिटायला निघालेल्या दाराला धक्का देणं. सातवीच हवी होती.

"नववी ऐकायचीच नको," ज्ञाना म्हणाली. "बाबा, तिसरी की पाचवी?"

भिकाजीने डोळे उघडले. तिच्या खालच्या ओठावर रीडचा ओला वळ उमटला होता. माउथपीस तिच्या हातात होतं, आणि त्याच्यावर ते ठिगळ.

"तुला हवी ती घे," तो म्हणाला. "वाजवणारी तू."

आपल्याच तोंडून मास्तर बोलले, हे त्याला वाक्य संपल्यावर कळलं. वाक्य परत घेता आलं असतं. विमला सोलत होती, अंगणात कावळा कोळंबीच्या सालांवर टपला होता, सगळी दुपार त्याच्यासाठी थांबून राहिली होती. नुसतं "सातवी" म्हणायचं होतं. चौथ्या अक्षराचीही गरज नव्हती.

"मग तिसरी. तिसरी आणि वर पाचवी," ज्ञाना म्हणाली. "ही सातवी काय ओरडत होती! टाकू?"

"नको. राहू दे माझ्याकडे."

त्याने सातवी पुसून आपल्या तपकिरीच्या जुन्या डबीत ठेवली. विमलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याला दात नाहीत, त्याला रीड कशाला, असं तिच्या मनात आलं असेल का? ती पुन्हा कोळंबी सोलू लागली. तिला क्लॅरिनेटमधलं काही कळत नसे, आणि आपल्याला कळत नाही त्यात ती तोंड घालत नसे. तिचा हा गुण भिकाजीने आयुष्यभर वाखाणला होता. त्या दिवशी तिने तोंड घालायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ज्ञाना मुंबईला गेली. भांडुपला काकाकडे उतरायचं, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परीक्षा. माउथपीस मोज्यात गुंडाळून तिने पर्समध्ये ठेवलं. स्टेशनवर ती वाकून त्याच्या पाया पडली, तेव्हा त्याने डोक्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हटलं, यश येवो. हे खोटं नव्हतं. हीच तर गंमत आहे. गाडी सुटल्यावर तो आणि विमला रिक्षाने घरी आले, आणि रिक्षात त्याचे डोळे भरून आले, आणि विमलाने पदराने त्याचे डोळे पुसले. पोटच्या पोरीला खड्ड्यात ढकलून वर तिच्यासाठी रडणारा बाप कोणी पाहिला नसेल, तर त्याने त्या दिवशी नाचण्याच्या रस्त्यावर ती रिक्षा पाहायला हवी होती.

परीक्षेच्या सकाळी तो नऊ वाजताच मांडवीला जाऊन बसला. खिशात फोन. मच्छी भरून गेलेल्या टेम्पोचा वास अजून हवेत होता. सांगून टाकू, त्याने ठरवलं. तिसरी ठेवून दे, पाचवी लाव, थोडी जड आहे पण तग धरेल. एवढंच सांगायचं. सातवी नसली तरी पाचवी तिला तारेल. हे ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही त्याने हसून हात केला. साडेनवाला त्याने फोन लावला.

"हां बाबा, बोला!" ज्ञानाचा आवाज आला. मागे कोणीतरी सूर लावत होतं, आणि तो खोलीतला घुमारा भिकाजीने लगेच ओळखला. खिडकीपाशी, तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी खुर्ची, त्याचीच.

"पोचलीस?"

"कधीच. बाबा, इथे सगळे नवीन आहेत. मी सांगितलं, भिकाजींची मुलगी, तर म्हणाले, कोण भिकाजी? एक म्हातारे होते त्यांना आठवलं, पण ते म्हणाले ते ढोल वाजवायचे ना. मी म्हटलं, नाय हो, अल्टो. तर म्हणतात, तेव्हा अल्टो होता काय बँडात?" ती हसली. तिच्या हसण्यात कीव होती, माया होती, आणि आपण आता ही चूक दुरुस्त करणार आहोत याचा आनंद होता. "तुम्ही काळजी करू नका, बाबा. आज सगळ्यांना कळेल अल्टो काय असतो ते."

धक्क्याखाली पाणी आपटत होतं. भिकाजीची जीभ कवळीच्या तुकड्यामागे जाऊन बसली.

"बाबा? काय सांगत होतात?"

"रीड भिजवलीस काय?"

"आत्ता भिजवते. पाच मिनटं."

"पाच मिनटांनी काय होतंय? मुंबईची सभागृहं थंड असतात. रीड सुकते. चांगली तासभर भिजत ठेव."

"तासभर?"

"मी सांगतो ना."

"बरं बाबा," ज्ञाना म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्याला कसलंही दुःख झालं नाही. आतापर्यंत त्याने फक्त गप्प राहण्याचं पाप केलं होतं, आणि गप्प राहणं हा तर त्याचा धंदाच होता. आता त्याने बोलून केलं. तासभर पाण्यात पडलेली रीड वाजायच्या आधीच मऊ होणार होती. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या एका वाक्याने एखाद्या सभागृहात काहीतरी घडणार, हा विचार त्याला सुखाचा वाटला, आणि तो सुखाचा वाटला हे कळल्यावर त्याला ओकारी आली. त्याने धक्क्याच्या कडेला वाकून सकाळचा चहा समुद्रात ओकला. मग तोंड धुतलं, बाजारातून विमलाने सांगितलेले बांगडे घेतले आणि घरी गेला. बांगडे ताजे निघाले. त्याने तीन खाल्ले.

ज्ञाना दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत आली. रडली नव्हती. तोंड सुकलं होतं एवढंच. विमलाने तिला पाणी दिलं, मग भात वाढला. जेवताना ती सांगत होती, कोणा तिसऱ्याचं सांगावं तसं. सुरुवात फार सुरेख झाली. एक बाई होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलंन आणि ऐकत बसल्या. मग वर चढताना रीड मिटली. फुंकून फुंकून कानात दडे बसले. तुकडा अर्धाही झाला नाही. पाचवी लावू का विचारलं, तर ते म्हणाले राहू दे. पेनवाल्या बाई शेवटी म्हणाल्या, सूर गोड आहे, पण ताकद नाही.

"चूक माझीच," ती म्हणाली. "तुम्ही मला निवडायला दिलंत, आणि मी गोडाला भुलले. सातवी मला आवडली नाय, पण तुम्ही डबीत ठेवलीत तेव्हाच मी समजायला हवं होतं. तुम्ही उगाच कशी ठेवाल?"

भिकाजी तिच्याकडे पाहत राहिला. आता ती विचारील. आता विचारीलच, की ठाऊक होतं तर बोललात का नाही. तासभर भिजवायला का सांगितलंत. त्याने मान पुढे केली, मार खायला उभं राहावं तसा तो बसला होता. विचार ना गो, तो मनात म्हणत होता. विचार.

"यापुढे तुम्हीच निवडा, बाबा," ज्ञाना म्हणाली. "मला काय कळतं?"

हात धुऊन ती उठली. पर्समधून मोजा काढला, मोज्यातून माउथपीस. नखाने ठिगळाची कड उचलली आणि ते सोलून काढलं. खाली डिंकाचा पांढरट डाग राहिला, तो तिने ओल्या बोटाने चोळून चोळून साफ केला. दोन खळगे पुन्हा उघडे पडले. "तुमचे दात जिथे बसायचे तिथेच बसवायची सवय करते," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही वाजवलंत, ते काय उगाच? मलाच शहाणपणा सुचला. द्या ती सातवी."

विमला उष्टी भांडी घेऊन मागच्या दारी गेली होती. भिकाजीने डबी उघडली. रीड त्याच्या हातातून घेताना ज्ञानाचं बोट त्याच्या बोटाला लागलं, थंड, नुकतं धुतलेलं. तिने ती जिभेवर ओली केली, माउथपीसवर बसवली, पट्टी आवळली, माउथपीस जुन्या अल्टोला जोडलं आणि तोंडात धरलं. दात सरकले. पुन्हा बसवले. जबडा थोडा पुढे काढावा लागला, मान थोडी खाली घालावी लागली. त्याची बसायची तीच तऱ्हा होती, आणि ती आजवर त्याने बाहेरून कधी पाहिली नव्हती. मग तिने फुंकलं. घोगरा, रुंद, कोणाच्या अंगावर न येणारा, मधल्या जागेत नेमका मावणारा सूर. त्यात ज्ञाना कुठेच नव्हती. त्या दुपारी तिसऱ्या रीडवर हसताना तुटलेला तो सूर कसा होता, हे भिकाजीने आठवून पाहिलं, पण आठवेना.

मागच्या दारी भांड्यांचा आवाज थांबला.

"अहो!" विमला तिकडून मोठ्याने म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "दात बसवून घेतलेत काय? किती दिवसांनी वाजवताय! आता ओळखलं मी तुमचं, हां!"

भिकाजीने रिकामी डबी मिटली.

ज्ञानाने माउथपीस ओठांतून काढलं आणि बापाकडे पाहिलं. परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "आई फसली. म्हणजे जमलं मला."